‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ : एका अल्पव्ययी भयपटातील वाणी आणि प्रतिनिधित्व

१

नाटकातील पात्राची योग्यता प्रेक्षकास त्याच्या वेषावरून कळते, तशीच ती त्याच्या भाषेवरूनही कळते. संस्कृत नाटकात राजा आणि अमात्य संस्कृत बोलतात. राणी, दासी, सेवक यांच्या तोंडी प्राकृत येते. कोणी कोणती भाषा बोलावी याचे विधान भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, आणि त्या विधानामागे समाजातील उच्चनीचतेची एक निश्चित कल्पना उभी आहे. अमेरिकेतील बोलपटास असा लिखित शास्त्रग्रंथ नव्हता. परंतु अलिखित विधान होते, आणि ते काही कमी कठोर नव्हते. कृष्णवर्णीय पात्राने पडद्यावर किती बोलावे, कोणत्या उच्चारात बोलावे आणि कोणापुढे गप्प राहावे, हे पटकथा लिहिली जाण्यापूर्वीच ठरलेले असे.

कलाकृतीतील प्रतिनिधित्वाचा विचार करताना सामान्यतः मुखांची गणना केली जाते : अमुक समाजाचे इतके नट दिसले, अमुक समाजाचा एकही दिसला नाही. ही गणना निरर्थक नाही. तथापि ती अपुरी आहे. पडद्यावर मुख दिसणे ही एक गोष्ट आणि त्या मुखातून निघणाऱ्या शब्दांवर त्या माणसाचा काही अधिकार असणे ही दुसरी गोष्ट. हा भेद स्पष्ट होण्यास १९६८ साली अमेरिकेत प्रकाशित झालेला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा अल्प खर्चात निर्माण झालेला भयपट फार उपयोगी पडतो. मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि एका एकाकी घरात सात माणसे रात्रभर अडकून पडतात, एवढेच त्याचे कथानक आहे. त्या सात माणसांपैकी बेन नावाचा एक पुरुष कृष्णवर्णीय आहे. तो काय बोलतो, ते शब्द कोणाचे आहेत, आणि अखेरीस त्याचे बोलणे कोणाच्या कानी पडत नाही, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

२

चालत्या प्रेतांची कल्पना अमेरिकेत कॅरिबियन समुद्रातील हैती देशातून आली. तेथील लोकसमजुतीतील ‘झोंबी’ हे भूत नव्हे. ज्याची इच्छाशक्ती हिरावून घेतली आहे आणि ज्याला मेल्यावरही दुसऱ्याच्या शेतात राबावे लागते, असा तो माणूस आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी रचलेली ही कल्पना गुलामगिरीचेच चित्र आहे. मरण हीच जेथे एकमेव सुटका, तेथे तीही नाकारली जाणे ही तिच्यातील खरी भीती. या शब्दाचे मूळ मध्य आफ्रिकेतील कोंगो भाषेकडे नेले जाते. आपल्या मराठी ‘झोंबी’शी, म्हणजे झटापटीशी, त्याचा काही संबंध नाही. ‘वेताळ’ हा प्रतिशब्दही त्यास जुळत नाही. वेताळपंचविशीतील वेताळ प्रेतात राहूनही बोलतो, गोष्टी सांगतो, राजास कोड्यात पकडतो. हैतीचा झोंबी मुका आहे, आणि ते मुकेपण हेच त्याचे मुख्य लक्षण होय.

१९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकेचा लष्करी ताबा होता. त्याच काळात, १९२९ साली, विल्यम सीब्रुक याचे ‘द मॅजिक आयलंड’ हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि हा शब्द अमेरिकी वाचकांच्या तोंडी रुळला. तीन वर्षांनी, १९३२ साली, हॅल्परिन बंधूंचा ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट आला. त्यातील साखरेच्या गिरणीचे दृश्य प्रसिद्ध आहे : मृतवत् मजूर एक शब्दही न बोलता चक्र फिरवीत आहेत आणि केवळ लाकडाची करकर ऐकू येत आहे. परंतु चित्रपटाचे शीर्षकच सांगते की, कथेची सहानुभूती या मजुरांसाठी नाही. एका गोऱ्या तरुणीवर तीच अवस्था ओढवते, यासाठी ती राखून ठेवलेली आहे.

पुढील दशकातील स्वस्त भयपटांत कृष्णवर्णीय पात्राच्या वाणीचे तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार विनोदी भित्र्या नोकराचा. मोनोग्राम या छोट्या कंपनीच्या ‘किंग ऑफ द झोंबीज्’ (१९४१) या चित्रपटात मँटन मोरलँड या नटाने जेफ नावाच्या नोकराची भूमिका केली. मोरलँडची विनोदाची जाण असामान्य होती, आणि आज तो चित्रपट त्याच्यामुळेच पाहिला जातो. परंतु त्याला दिलेली बोली ही रंगमंचावर पिढ्यान्पिढ्या घासून गुळगुळीत झालेली, हसविण्यासाठीच राखलेली बोली होती. दुसरा प्रकार पूर्ण मौनाचा. व्हॅल ल्यूटन निर्मित आणि जाक तूर्नर दिग्दर्शित ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ (१९४३) यात डार्बी जोन्स या नटाने केलेला उंच, निश्चल ‘काररफूर’ एकही शब्द उच्चारत नाही.

तिसरा प्रकार मात्र सूक्ष्म आहे आणि तोही याच चित्रपटात आढळतो. ल्यूटनच्या पथकाला आर.के.ओ. कंपनीने प्रत्येक चित्रपटामागे सुमारे दीड लाख डॉलरांची मर्यादा घालून दिली होती. या मर्यादेत कंपनीचे वरिष्ठ फारशी ढवळाढवळ करीत नसत, आणि त्या मोकळीकीचा लाभ घेऊन काही वेगळे स्वर चित्रपटात शिरले. त्रिनिदादचा गायक सर लॅन्सलॉट आपल्या कॅलिप्सो गीतातून मळेवाल्या गोऱ्या कुटुंबाची अब्रू चव्हाट्यावर मांडतो. बेटावर नव्याने आलेल्या गोऱ्या परिचारिकेस गाडीवान सांगतो की, त्याच्या पूर्वजांना साखळदंडांत बांधून येथे आणले. ती म्हणते की, निदान सुंदर ठिकाणी तरी आणले. यावर तो, बाई म्हणतात तर तसे असेल, अशा आशयाचे नम्र उत्तर देतो. ही नम्रता नव्हे, हा नम्रतेच्या व्याकरणात बसविलेला नकार आहे. उघड बोलण्याची सोय नसलेल्या माणसाला शिष्टाचारच शस्त्र म्हणून वापरावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. तरीही पात्र गाडीवानाचेच राहिले. कथेचा निर्णय त्याच्या हाती नव्हता.

३

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची निर्मिती हॉलिवुडपासून दूर, पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या पोलादनगरीत झाली. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो (१९४०–२०१७) आणि त्याचे मित्र ‘द लेटन्ट इमेज’ या आपल्या संस्थेमार्फत जाहिरातपट व औद्योगिक लघुपट काढीत असत. पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्यासाठी त्यांनी ‘इमेज टेन’ नावाची मंडळी उभी केली. दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घातले. पुढे आणखी पैसा मिळत गेला आणि एकूण खर्च सुमारे १,१४,००० डॉलर झाला. चित्रीकरण १९६७ साली बटलर जिल्ह्यातील एव्हन्स सिटी या गावाच्या परिसरात झाले. फिल्म कृष्णधवल होती. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरण्यात आला. संगीत तयार ध्वनिसंग्रहातून घेण्यात आले. निर्माते रसेल स्ट्रायनर व कार्ल हार्डमन हे स्वतः भूमिका करीत होते, आणि हार्डमनची लहान मुलगी चित्रपटातही त्याचीच मुलगी झाली. प्रेते म्हणून आणि बंदूकधारी टोळी म्हणून गावचेच रहिवासी उभे राहिले.

या काटकसरीचा एक परिणाम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरला. मोठ्या कंपनीत लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नट यांच्यामध्ये भिंती असतात. पटकथेतील शब्द बदलावयाचा तर तो अनेक दारांतून जावा लागतो, आणि अप्रसिद्ध नटाला त्यांपैकी पहिलेही दार उघडता येत नाही. येथे भिंती उभारण्यास पैसाच नव्हता. रोमेरो आणि जॉन रूसो यांनी लिहिलेली पटकथा चित्रीकरणाच्या जागी सर्वांच्या हाती होती आणि ती दुरुस्त करण्याची मुभाही सर्वांस होती. भूमिका करणाऱ्याच्या हाती लेखणी आली, ती उदार तत्त्वज्ञानामुळे नव्हे, तर दारिद्र्यामुळे.

४

बेनची भूमिका कृष्णवर्णीय माणसासाठी लिहिलेली नव्हती. मूळ पटकथेत तो ट्रक चालविणारा, हिकमती परंतु अशिक्षित आणि राकट असा इसम होता, आणि त्याचे संवादही त्या बेताचे होते. निवडीच्या वेळी ड्युएन जोन्स याने केलेले वाचन सर्वांत सरस ठरले म्हणून भूमिका त्याला मिळाली. वर्णाचा विचार झाला नाही, असे रोमेरो अखेरपर्यंत सांगत असे.

जोन्स हा पिट्सबर्ग विद्यापीठाचा पदवीधर होता. पॅरिसच्या सॉर्बाँमध्येही त्याचे शिक्षण झाले होते, आणि अध्यापन व रंगभूमी हे त्याचे आयुष्यभराचे व्यवसाय राहिले. कार्ल हार्डमनने नंतर सांगितलेली हकीकत अशी की, लिहिले होते तसे संवाद म्हणण्यास जोन्सने नकार दिला आणि बेनची भाषा स्वतःच सुधारून घेतली. घटना लहान दिसते. परंतु मागील चाळीस वर्षांचा इतिहास ध्यानी घेतला असता तिचे महत्त्व कळते. गोऱ्या नटाने तोच राकट बेन रंगविला असता तर प्रेक्षकाने त्यात एक ट्रकवाला पाहिला असता. तेच शब्द जोन्सच्या मुखी आले असते तर प्रेक्षकास त्यात एक संपूर्ण समाज दिसला असता, आणि मोरलँडच्या नोकरापासून चालत आलेली परंपरा पुढे चालू राहिली असती. शब्द तेच, परंतु ते कोणाच्या मुखातून निघतात यावर त्यांचा अर्थ बदलतो. गोऱ्या पटकथालेखकांच्या ध्यानी ही गोष्ट आली नव्हती. नटाच्या ध्यानी ती तत्काळ आली, कारण त्या अर्थाचे ओझे त्याला वाहावयाचे होते.

वर्णाचा विचार झाला नाही हे रोमेरोचे विधान आणि वर्णामुळे चित्रपटाचा अर्थ बदलला हे प्रेक्षकांचे मत, यांत परस्परविरोध असल्याचे काहींना वाटते. वस्तुतः विरोध नाही. निवड करणाऱ्याचा हेतू आणि निवडीचा अर्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण कृष्णवर्णीय म्हणून निवडले गेलो असे जोन्सलाही वाटत नव्हते. मात्र आपल्या वर्णामुळे चित्रपटास एक वेगळा ऐतिहासिक आशय येणार याची त्याला पुरी जाणीव होती, हे त्याच्या मुलाखतीवरून कळते. चित्रीकरण चालू होते त्याच १९६७ च्या उन्हाळ्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइट या शहरांत वर्णसंघर्षाच्या भीषण दंगली झाल्या होत्या. अशा वेळी वर्णाचा विचार न करण्याची मोकळीक दिग्दर्शकाला होती; नटाला ती नव्हती.

५

चित्रपटातील बेनची वाणी आता पाहावी. घरात शिरल्यावर तो बार्ब्रा या भयग्रस्त तरुणीस आपली हकीकत सांगतो : खाणावळीपाशी जमलेली प्रेते, पेटलेला पेट्रोलचा ट्रक, आपण तेथून कसे निसटलो. निवेदन दीर्घ आहे आणि त्यात काल व कारण यांचा क्रम कोठेही तुटत नाही. लगेच बार्ब्रा आपली हकीकत सांगू लागते. तिची वाक्ये मध्येच तुटतात, भाऊ मागे राहिल्याच्या उल्लेखापाशी ती किंचाळू लागते आणि पुढे जवळजवळ मुकी होते. दोन निवेदने शेजारी ठेवून दिग्दर्शकाने दोन मनांची स्थिती दाखविली आहे. जुन्या भयपटांत हा क्रम उलटा असे : गोरे पात्र सुसंगत बोले आणि कृष्णवर्णीय नोकराची भीतीने बोबडी वळे.

तळघरात लपावे की वर राहून दारे-खिडक्या राखाव्यात, यावरून बेन आणि हॅरी कूपर या गोऱ्या कुटुंबप्रमुखात वाद होतो. तळघरात गेलास तर तेथे तू मालक, वर मात्र माझा हुकूम चालेल, असे बेन त्यास स्पष्ट बजावतो. १९६८ च्या प्रेक्षकाला हे वाक्य ऐकण्याची सवय नव्हती. त्याहून विशेष म्हणजे, संपूर्ण चित्रपटात बेनच्या वर्णाचा उल्लेख कोणीही करीत नाही. चिडलेला कूपरही नाही. या मौनामुळे कूपरच्या द्वेषाचे कारण कोणते, हे ठरविण्याचे काम प्रेक्षकावर येऊन पडते.

त्याच सुमारास सिडनी पॉइटिए हा नट लोकप्रियतेच्या शिखरावर होता. ‘गेस हू इज कमिंग टु डिनर’ आणि ‘इन द हीट ऑफ द नाइट’ हे त्याचे दोन्ही चित्रपट १९६७ चे. तेथे वर्ण हाच विषय आहे; यास्तव त्याचा नायक निष्कलंक असावा लागतो. बेन निष्कलंक नाही. त्याने आखलेल्या बेतात एक तरुण जोडपे जळून मरते. तो हातघाईवर येतो आणि अखेर कूपरला गोळी घालतो. एवढेच नव्हे, तर रात्र संपताना ज्या तळघराची त्याने निर्भर्त्सना केली, त्याच तळघरात शिरून त्याला जीव वाचवावा लागतो. चुकण्याचा अधिकार हाही प्रतिनिधित्वाचा भाग आहे. आदर्श पात्र समाजाची वकिली करते. चुकणारे पात्र माणूस म्हणून उभे राहते.

स्त्रीपात्रांच्या बाबतीत मात्र चित्रपट इतका पुढे गेलेला नाही. बार्ब्रा बहुतांश वेळ कोचावर निश्चल बसून असते. याला अपवाद कूपरची पत्नी हेलन हिचा. तिची भूमिका करणारी मेरिलिन ईस्टमन ही निर्मात्यांच्या मंडळीतील होती, आणि तळघरातील पतिपत्नींच्या प्रसंगाचे संवाद तिने स्वतः सुधारले. परिणामी हेलनच्या दोन-चार कोरड्या वाक्यांतून एका कडवट संसाराचे चित्र उभे राहते. जोन्स आणि ईस्टमन या दोघांच्या उदाहरणांतून एकच नियम दिसतो : ज्याच्या हाती लेखणी पोहोचली, त्याच्या पात्रास वाणी लाभली.

६

परंतु वाणी लाभल्याने सर्व काही साधत नाही, हे चित्रपटाचा शेवट सांगतो. सकाळ होते. शेरीफ आणि त्याची बंदूकधारी टोळी कुत्री घेऊन प्रेतांचा निःपात करीत शेतांतून पुढे येते. त्यांची चाहूल लागून बेन तळघरातून वर येतो आणि सावधपणे खिडकीपाशी उभा राहतो. टोळीला घरात काहीतरी असल्याची शंका येते. शेरीफच्या हुकमावरून एक गोळी बेनच्या कपाळात बसते.

या प्रसंगात बेन एक शब्दही बोलत नाही. रात्रभर ज्याने सर्वांत अधिक आणि सर्वांत सुसंगत भाषण केले, तो अखेरीस मुका आहे. जिवंत आणि मृत यांतील भेद या चित्रपटात भाषेवरच अवलंबून आहे : प्रेते चालतात, हत्यार म्हणून दगड उचलतात, परंतु बोलत नाहीत. बंदुकीच्या पल्ल्यावरून भाषा ऐकू येत नाही. दिसते ती फक्त आकृती. जोन्सने परिश्रमाने घडविलेली बेनची सारी वाणी त्या अंतराच्या अलीकडेच राहते. शेरीफचे शेवटचे उद्गारही भाषेच्या अभ्यासकाने ऐकण्यासारखे आहेत. आधी तो बेनविषयी पुरुषवाचक सर्वनाम वापरतो. आणि लगेच, जाळण्यासाठी आणखी एक झाला, अशा अर्थाचे वाक्य उच्चारतो. सर्वनाम गळून पडते आणि संख्या उरते.

यानंतर चलच्चित्र थांबते. वर्तमानपत्री छायाचित्रांसारख्या खरखरीत स्थिरचित्रांत टोळीची माणसे आकड्यांनी बेनचे शव ओढून सरणावर नेताना दिसतात. ज्यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातील जमावाने केलेल्या हत्यांची छायाचित्रे पाहिली होती, त्यांना या चित्रांचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. बेनला वाचवावे असा पर्याय मंडळींत निघाला होता. त्यास जोन्सनेच विरोध केला. कृष्णवर्णीय प्रेक्षकाला खोट्या सुटकेपेक्षा हे मरणच खरे वाटेल, असे त्याचे म्हणणे होते. चित्रपट तयार झाल्यावर अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीनेही शेवट सुखद करण्याची अट घातली, आणि ती नाकारण्यात आली. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. चित्रपटाची प्रत घेऊन न्यूयॉर्ककडे जात असताना मोटारीतील रेडिओवर आपण ती वार्ता ऐकली, असे रोमेरोने सांगितले आहे. १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्ग येथे पहिला खेळ झाला, तेव्हा प्रेक्षकास हा शेवट पाहताना सहा महिन्यांपूर्वीचे दुःख आठवल्यावाचून राहिले नसेल.

७

चित्रपटाची पुढील कथा थोडक्यात सांगता येते. वितरकाने शीर्षक बदलले, त्या वेळी शीर्षकपट्टीवरील स्वामित्वहक्काची सूचना वगळली गेली. तत्कालीन कायद्याप्रमाणे चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला आणि निर्मात्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग बुडाला. परंतु त्यामुळेच तो सर्वत्र पोहोचला. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

जोन्सने उघडलेल्या वाटेने इतरही गेले. ‘ब्लॅक्युला’ (१९७२) या चित्रपटात विल्यम मार्शल या नटाने आपल्या पात्रास आफ्रिकी राजपुत्राचे नाव व पूर्वेतिहास मिळवून दिला. बिल गन दिग्दर्शित ‘गांजा अँड हेस’ (१९७३) यात स्वतः जोन्स मानववंशशास्त्रज्ञाच्या भूमिकेत दिसला. वितरकाने मात्र त्या चित्रपटाची कापाकापी करून तो दुसऱ्याच नावाने विकला. जोन्सचे १९८८ साली निधन झाले. १९९० साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ नव्याने काढण्यात आला, तेव्हा मूळच्या निश्चल बार्ब्राला कर्तृत्व देण्यात आले. २०१७ साली जॉर्डन पील याचा ‘गेट आउट’ हा सुमारे ४५ लाख डॉलर खर्चाचा भयपट आला, आणि त्याच्या पटकथेस ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्याच्या अखेरीस पोलिसांच्या गाडीसारखे दिवे चमकतात आणि प्रेक्षकाचा श्वास अडकतो. बेनचा शेवट ज्याने पाहिला आहे, त्याला त्या भीतीचे मूळ शोधावे लागत नाही. पीलने नायकाच्या अटकेचा शेवट प्रथम योजला होता. पुढे तो बदलून त्याची सुटका केली. १९६८ साली मरण हाच प्रामाणिक शेवट वाटला. २०१७ साली सुटका आवश्यक वाटली. दोन्ही वेळी निर्णय घेण्यात कृष्णवर्णीय कलावंताचा हात होता, हे महत्त्वाचे.

सारांश, प्रतिनिधित्व तीन पायऱ्यांनी चढते. प्रथम मुख दिसते. नंतर त्या मुखास स्वतःची वाणी मिळते. आणि शेवटी ती वाणी ऐकणारा कान मिळतो. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने पहिली पायरी योगायोगाने ओलांडली आणि दुसरी एका नटाच्या स्वाभिमानामुळे. तिसरी पायरी त्याने ओलांडली नाही; ती ओलांडली गेल्याचे खोटे चित्रही त्याने रंगविले नाही. खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला हाक मारून तो कोण आहे हे विचारण्यास एक क्षण पुरला असता. तो क्षण टोळीने दिला नाही.